जावळाचा गळ

१

रविवारी सकाळी अवधूत दळवीला घरी शोधायला जाऊ नये. तो मिळायचा नाही. मांजर्लीतल्या त्यांच्या सोसायटीच्या मागच्या गेटानं बाहेर पडलं, बाभळींच्या कडेनं उतरलं, की उल्हास नदी. तिथल्या सपाट खडकावर हा बाबा टोपी घालून, पाय पाण्यात सोडून बसलेला. आठवडाभर अंबरनाथच्या कारखान्यात क्वालिटी ऑफिसर म्हणून दुसऱ्यांच्या चुका काढायच्या आणि रविवारी पाण्यात गळ टाकायचा, हा त्याचा लग्नाआधीपासूनचा नेम. प्राची, त्याची बायको, पाहुण्यांना सांगायची, "मला सवत आहे, आणि तीसुद्धा बारमाही वाहणारी."

बरं, गळ टाकायचीही याची तऱ्हा वेगळी. गांडूळ नको, कणकेची गोळी नको. परदेशातल्या थंड नद्यांत स्टीलहेड नावाचा मासा धरतात, त्याचे व्हिडिओ बघून बघून हा शिकलेला. वाटाण्याएवढं शिशाचं डोकं असलेला लहानसा गळ, त्याच्या मागे पिसांची नाहीतर रेशमाची शेपटी बांधायची. याला जिग म्हणतात. वर तंगुसाला, म्हणजे गळाच्या नायलॉनच्या दोरीला, फ्लोट, तरंगणारं बोंडूक. फ्लोट प्रवाहाबरोबर जातो आणि खाली जिग तळाच्या जरासा वर, लाटेसरशी वरखाली होत लटकत जातो. माशाला वाटतं, काहीतरी जिवंत चाललंय. आता स्टीलहेड उल्हास नदीत सात जन्मांत मिळायचा नाही. मिळायची चिलापी, नशीब फळफळलं तर एखादी मरळ. पण हौसेला मोल नसतं म्हणतात ते काही उगाच नाही.

शिशाची डोकी त्याचा दोस्त महेश पाडून द्यायचा. महेशचं कॅम्प चारमध्ये छोटं वर्कशॉप होतं. शेपट्या मात्र अवधूत स्वतः बांधायचा. कोंबडीची पिसं झाली, जरीवाल्याकडचा रेशीमदोरा झाला, लेकीच्या, राजसीच्या, फाटक्या बाहुलीची लोकरसुद्धा झाली. एकही मनासारखी उतरली नाही. शेपटीनं पाण्यात उमलायला हवं, श्वास घेतल्यासारखं मिटायला हवं. ते काही साधेना.

दिवाळीनंतर राजसीचं जावळ काढलं. पोरगी तीन वर्षांची होत आली होती. मामाला सवड नाही म्हणून आज-उद्या करत राहिलं होतं. मामाच्या मांडीवर तिला बसवलं, न्हाव्यानं वस्तरा फिरवला, आणि वृंदाआत्यानं पदर पसरून केस झेलले. जमिनीवर एक पडू दिला नाही. तपकिरी, टोकाला वळलेले, हाताला लागू नयेत इतके मऊ. माईनं, म्हणजे अवधूतच्या आईनं, ते कणकेच्या गोळ्यात घालून त्याच्या हातात दिले. "नदीवर जातोसच. वाहत्या पाण्यात सोड. सगळे सोड हं."

खडकावर बसून त्यानं गोळा सोडण्याआधी उघडून पाहिला. एक बट चिमटीत धरून पाण्यात धरली, तर ती उमलली. मिटली, परत उमलली. इतकी वर्षं ज्या गोष्टीसाठी जीव टाकला ती आपल्याच घरात, आपल्याच लेकीच्या डोक्यावर होती. त्यानं बाकीचा गोळा बंद करून सोडून दिला आणि ती एक बट रुमालात बांधून खिशात घातली. एका बटेनं काय होतंय, असं त्याला वाटलं.

"सोडलेस ना सगळे?" माईनं विचारलं.

"सगळे," तो म्हणाला.

२

पुढच्या रविवारी त्यानं त्या बटेची शेपटी बांधलेला जिग पहिल्यांदा टाकला. थंडीचे दिवस, नदी संथ, पाणी त्यातल्या त्यात निवळ. जलपर्णी पलीकडच्या काठाला सरकलेली. फ्लोट थोडा वाहत गेला आणि उभा राहिला.

जिग तळाशी अडकला असेल, तर फ्लोट कलंडतो, तंगूस ताणला जातो. हा सरळ उभा, आणि पाणी त्याच्या दोन्ही अंगांनी चाललेलं. मग तो सावकाश खाली गेला. चिलापी टकटक करते, मरळ दाणकन ओढते. हे दोन्ही नव्हतं. काही वेळ तो खालीच राहिला. मग कुणीतरी वस्तू हातात घेऊन, बघून, जागच्या जागी ठेवावी तसा वर आला आणि निमूट वाहू लागला.

अवधूतनं पुन्हा टाकला, पुन्हा तेच. सकाळभर तेच. मासा एक नाही, पण दर वेळी कुणीतरी धरतंय आणि सोडतंय. गळ टाकणाऱ्या माणसाला याहून मोठं व्यसन नाही. दिवसभर मासे मिळाले असते तर तो इतका हरखला नसता.

शेवटी जिग हातात घेतला तेव्हा एक गोष्ट त्याच्या नजरेला खटकली. नजर क्वालिटीवाल्याची, खटकणारच. ओले केस पाण्यातून काढले की एकमेकांना चिकटतात, उंदराची शेपटी होते. हे चिकटले नव्हते. मधोमध विभागून दोन्हीकडे सरळ, एकाशेजारी एक बसले होते. टोकाचं वळणही गेलं होतं. विंचरले होते.

प्रवाह एका दिशेनं असतो, त्यानं केस एका दिशेला सरळ होणारच, असं त्यानं स्वतःला समजावलं. दोन दिशांना कसे झाले, हे त्यानं स्वतःला विचारलं नाही.

३

राजसीचे केस येईनात. महिना उलटला तरी डोकं तळहातासारखं गुळगुळीत. बाकीच्या पोरांना पंधरवड्यात खुंट फुटतात, हिला कुसळ नाही. डॉक्टर म्हणाले, येतील, काहींना वेळ लागतो. माई रोज सकाळी तिला पाटावर बसवून घरी कढवलेलं जास्वंदीचं तेल चोळायची. सगळ्या घराला त्या तेलाचा वास.

केसांचं सोडा, पोरगीच उतरत चालली होती. खाणं कमी झालं, पाय सदा गार. हाक मारली तर दुसऱ्या-तिसऱ्या हाकेला वळायची, तेही लांबून ऐकल्यासारखी. सकाळी उशी ओली असायची. प्राचीला आधी वाटलं लाळ, मग वाटलं घाम. एकदा तिनं उशी नाकाला लावली, तर नदीच्या पाण्याचा वास. तिनं खोळ धुवायला टाकली.

"एक सांगू?" एका रविवारी तो नदीवरून आल्यावर प्राची पोहे वाढता वाढता म्हणाली. "हसू नकोस. तू नदीवर गेलास ना, की ही गॅलरीत जाऊन बसते. मान खाली घालून. हलत नाही, बोलत नाही. आज मी म्हटलं, चल गं दूध पी. तर म्हणते, थांब, विंचरून होऊ दे."

"खेळत असेल."

"टक्कल आहे माझ्या बायोला. काय विंचरायचंय?" प्राची हसायला गेली, पण ते हसू काही जमलं नाही.

अवधूतनं लेकीला मांडीवर घेतलं. डोक्यावरून हात फिरवला. इतक्या उन्हाच्या गॅलरीत बसूनही ते डोकं माठासारखं गार होतं. "राजू, कोण विंचरतं गं तुला?"

राजसीनं विचार केला. "माहीत नाही. पाठीमागे असते ना." मग थोड्या वेळानं, "तिचे हात गार आहेत. पण दुखवत नाही."

पोरं काय, मनाला येईल ते बोलतात. अवधूत हेच म्हणाला, मोठ्यानं म्हणाला, म्हणजे प्राचीलाही ऐकू जाईल. आणि पोह्यांची बशी बाजूला सारली.

४

शहाण्या माणसानं तिथेच थांबावं. पण शहाणा माणूस कारणं शोधत बसतो, आणि कारणं शोधायची म्हणजे पुन्हा जाऊन बघायला हवं. शिवाय खरं सांगायचं तर त्या फ्लोटच्या बुडण्यानं त्याला वेड लावलं होतं. पुढच्या रविवारी त्यानं महेशला बोलावून घेतलं. दोन डोळ्यांपेक्षा चार बरे.

महेश स्कूटरवरून आला, पिशवीतून चहाचा थर्मास काढला आणि जिग हातात घेऊन बघायला लागला. "ये क्या बॉस? एवढी लांब शेपटी? मासा नुसती शेपटी चाखून सोडून देणार ना. काट यार थोडी."

"एवढीच बांधली होती," अवधूत म्हणाला आणि बोटाच्या पेरावर दाखवलं.

"काय पण. वीतभर आहे ही."

होती खरी. अवधूतच्या बॅगेत कारखान्यातला मापं घ्यायचा कॅलिपर असायचा. ज्या कॅलिपरनं त्यानं आयुष्यभर लोकांचे नग नापास केले, तो त्यानं बाहेर काढला, केसांना लावायला गेला, आणि त्याचा जबडा पुरेना तेव्हा परत ठेवला. ओले केस ताणले जातात. गाठ सैल होऊन आतले केस बाहेर येतात. अशी कारणं त्याच्यापाशी पुष्कळ होती, पण एकाही कारणानं पेरभर केस वीतभर होत नाहीत, हे त्याच्याइतकं कुणाला कळणार?

"टाकून तर बघू," महेश म्हणाला.

फ्लोट वाहत गेला, थांबला, उभा राहिला. मग तो उलटा निघाला. प्रवाहाच्या विरुद्ध, वरच्या अंगाला, सावकाश, जसं एखादं पोर दोरी बांधलेली गाडी ओढत नेतं. महेश चहाचा कप तोंडाशी धरून बघत राहिला. "साला हा उलटा कुठे चाललाय?" तो हसत म्हणाला, पण त्यानं पाय पाण्यातून वर घेतले.

अवधूतनं रीळ फिरवून जिग ओढून घेतला. येताना तो सहज आला, कुणी धरून ठेवला नाही, पण खुशीनं सोडलाही नाही, एवढंच जाणवलं. केसांवर पाणी ठरत नव्हतं, थेंब होऊन घरंगळत होतं. त्यानं जिग नाकाशी नेला. जास्वंदीचं तेल. माईनं सकाळी चोळलेलं, अजून कोमट, ताजं.

"काय रे, चेहरा का उतरला?" महेशनं विचारलं.

"काही नाही. थंडी वाजतेय."

५

चोरी लपवायची असेल तर घरात म्हातारं माणूस नसावं. माईला त्या तेलाचा वास माळ्यावरून आला. माळ्यावर तेल कसं, म्हणून तिनं स्टूल घेऊन अवधूतचा गळांचा डबा खाली काढला. तो कामावरून आला तेव्हा डबा तिच्या पुढ्यात उघडा होता आणि ती भिंतीला टेकून बसली होती.

"हे राजसीचं जावळ आहे," माई म्हणाली. तिनं विचारलं नव्हतं.

"एक बट ठेवली होती गं, माई. इतके मऊ केस, म्हटलं—"

"ठेवलीस तर ठेवलीस. पाकिटात ठेवली असतीस, देव्हाऱ्यात ठेवली असतीस, मी एका शब्दानं बोलले नसते. तू ती पाण्यात घातलीस. आणि परत ओढलीस." तिचा आवाज चढला नाही, म्हणून त्याला जास्त भीती वाटली. "किती वेळा?"

किती वेळा? रविवार धरले, आणि प्रत्येक रविवारी सकाळभर टाकणं-काढणं धरलं, तर हिशेबच नव्हता.

"कुणाच्या ओटीत घालायचं आणि हिसकावून घ्यायचं. पुन्हा घालायचं, पुन्हा हिसकावायचं. माणसानंसुद्धा किती सहन करावं?"

"कुणाच्या ओटीत, माई?"

"मला काय माहीत? मी पाहिलंय होय कुणाला?" माई उठली आणि परातीत कणीक घ्यायला गेली. जाता जाता म्हणाली, "पोरगी आपली आहे एवढं मला माहीत आहे. गळ काढून टाक, केस मोकळे कर, गोळ्यात घाल आणि सोडून ये. आणि पुन्हा त्या नदीवर जायचं नाव काढू नकोस."

आतल्या खोलीतून राजसीच्या गुणगुणण्याचा आवाज येत होता. गाणं ओळखीचं नव्हतं. अवधूत दारापर्यंत गेला, तर पोरगी भिंतीकडे तोंड करून बसली होती आणि तिची मान कुणीतरी हळूच डावीकडे वळवावी तशी डावीकडे वळली, मग उजवीकडे. आपल्या पोरीचं काही बरंवाईट झालं तर आपण जगायचं नाही, एवढा एकच विचार त्याच्या मनात आला, आणि तो अगदी स्वच्छ होता.

६

कणकेचा गोळा डब्यात आणि सवयीनं रॉडही बरोबर घेऊन तो दुसऱ्या दिवशी सकाळी खडकावर आला. महेशला त्यानं फोन करून बोलावलं होतं, एकट्यानं यायची छाती झाली नाही. ऊन चांगलं वर आलं होतं. पलीकडे कुणी म्हशी धूत होतं.

करायचं एवढंच होतं, की कात्रीनं दोरा कापायचा, केस मोकळे करायचे, गोळ्यात घालायचे. त्यानं जिग हातात घेतला. केस आता कोपरापर्यंत पोचत होते, दाट, काळसर, लखलखीत. असा जिग जगात कुणाकडे नसेल. आणि इथे माणसाची जात आडवी आली. दारूड्याचा जसा शेवटचा पेला, तशी त्याची शेवटची एक फेक. टाकून बघू, खाली कोण धरतं ते एकदा कळू दे, मग सोडूच की. महेश मागून स्कूटर लावून येईपर्यंत यानं टाकलाही होता.

फ्लोट थांबला नाही, उभा राहिला नाही. गेला तो सरळ खाली, आणि वर आला नाही.

अवधूतनं रॉड उचलला. टोक वाकलं. खाली जड, पण हिसडा नाही, धडपड नाही. त्यानं रीळ दोन वेढे फिरवलं आणि खिशातला फोन वाजला. प्राची. त्यानं तो महेशकडे फेकला. "स्पीकर लाव."

"अवधूत?" प्राचीचा आवाज फाटला होता. "ही ओरडतेय रे. डोकं धरून ओरडतेय, केस ओढतायत म्हणते. अरे केस कुठायत हिला—"

मागून राजसीची किंकाळी आली. अवधूतनं रीळ सोडलं. तंगूस सर्रकन सैल झाला आणि फोनमधली किंकाळी तिथल्या तिथे थांबली.

"थांबली," प्राची म्हणाली. "थांबली बाई. राजू, काय झालं? कुठे चाललीस? अगं थांब, चप्पल तरी घाल. अवधूत, ही दाराकडे चाललीय. मी धरलंय हिला, पण ही मला ओढतेय. एवढीशी पोर, मला ओढतेय रे."

पाण्यात तंगूस आपोआप रिळावरून सुटत होता, सावकाश, खालच्या अंगाला. त्यानं बोट लावून तो अडवला. फोनमध्ये राजसी कण्हली. बोट काढलं, तर दाराची कडी वाजली.

"कापून टाक ना यार," महेश म्हणाला. त्याला काही कळलं नव्हतं, पण तो काठापासून मागे सरकला होता. "दे, मी कापतो."

"हात लावू नकोस."

कापलं तर ती जिना उतरणार. ओढलं तर तिचं डोकं. आणि हातातली ही दोरी म्हणजे आता एवढंच उरलं होतं, जे तिला मांजर्लीच्या त्या घरात धरून होतं. ओढायचं नाही आणि सोडायचं नाही, असा एकच रस्ता त्याला दिसला. दोरी जशी पुढे जाईल तसं आपण तिच्याबरोबर जायचं. तो खडकावरून उतरला. पाणी गुडघ्याला लागलं, मग कमरेला. चालता चालता रीळ फिरवून तो सैल झालेला तंगूस गोळा करत होता, जराही ताण पडू न देता. आयुष्यात त्यानं इतक्या हळुवार हातानं काही केलं नव्हतं.

पाणी छातीला लागलं तिथे तंगूस सरळ खाली गेला होता. पाणी हिरवट, पण ऊन आत शिरलं होतं. खाली केस पसरले होते. वीतभर नाही, कोपरभर नाही, पुष्कळ, त्याच्या पायांच्या चहूबाजूंनी, संथ हलणारे. त्यांच्या मधोमध पांढरी, सरळ रेघ होती. नीट पाडलेला भांग. आणि भांगाच्या दोन्ही बाजूंना दोन हात होते, थांबलेले, जसे काम करता करता कुणी मध्ये बोललं की थांबतात.

"तिला सोड," अवधूत म्हणाला. आपण हे पाण्याला म्हणतोय की त्या हातांना, हे त्याला कळलं नाही. "चूक माझी आहे. तिला सोड."

हातांनी केस सोडले. मग ते त्याच्या मनगटावरून, दंडावरून, अजिबात घाई न करता वर आले आणि त्याच्या डोक्यावर टेकले. गार होते. राजसीनं सांगितलं तसं, दुखवत नव्हते. बोटं त्याच्या केसांत शिरली आणि त्यांनी त्याची मान अलगद खाली वाकवली.

काठावर फोन बोलत होता. "अवधूत, बसली रे. आपणहून येऊन बसली मांडीवर. हसतेय. अरे, हिच्या डोक्याला हाताला खरखर लागतेय, केस येतायत वाटतं. माई, या ना, बघा. अवधूत, ऐकतोयस ना? माई शिरा करतायत. किती वाजता येतोस?"

अवधूतला सगळं ऐकू आलं. उत्तर द्यायला त्यानं तोंड उघडलं, तेव्हा ते पाण्याखाली गेलं होतं.